संशोधन करणारा प्राध्यापक चांगला शिकवतोच का?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात वनस्पतिशास्त्र शिकते. तिचे एक सर सतत शोधनिबंधांत गुंतलेले असतात आणि त्यांचे तास बुडतात. दुसऱ्या मॅडम पीएच.डी. नसूनही मन लावून शिकवतात. मग विद्यापीठे संशोधनावर एवढा भर का देतात?
– एक पालक, रावेर

उत्तर : संशोधन करणारा शिक्षक आपोआप चांगला शिकवतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की ती कोणी तपासून पाहत नाही. हॅटी आणि मार्श या अभ्यासकांनी १९९६ मध्ये या विषयावरील ५८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संशोधन आणि अध्यापन यांतील सहसंबंध सरासरी ०.०६, म्हणजे जवळपास शून्य निघाला. मात्र हा आकडा उणे नाही, हेही ध्यानात घ्यावे. संशोधनामुळे शिकवणे बिघडते, असाही निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दोन्ही कामे एकाच ठिकाणी व्हावीत, हा विचार १८१० मध्ये जर्मन विचारवंत हुम्बोल्ट यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या बर्लिन विद्यापीठाशी जोडला जातो. मुंबई विद्यापीठ मात्र १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ म्हणून सुरू झाले. शिकवणे महाविद्यालयांकडे राहिले आणि संशोधन पुढे बरेचसे स्वतंत्र संस्थांकडे गेले. आपल्या धुळ्याचे इतिहास-संशोधन करणारे राजवाडे संशोधन मंडळसुद्धा विद्यापीठाच्या छत्राखाली जन्मले नाही. अशा रचनेत महाविद्यालयातील शिक्षकाच्या वाट्याला संशोधन आले ते पुष्कळदा पदोन्नतीची अट म्हणून. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शिक्षकाच्या कामाला पदोन्नतीसाठी गुण देणारी गुणांकन पद्धत आणली. निबंध मोजता येतात, वर्गातला तास कसा झाला हे मोजता येत नाही. त्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. त्यांचा विषय इथे नको.

संशोधनाचा उपयोग विद्यार्थ्याला केव्हा होतो, हे आपल्याच तालुक्यातील उदाहरणाने सांगतो. केळीवरील ज्या रोगाला शेतकरी हरण्या म्हणतात, तो कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो, मावा कीड तो पसरवते, आणि रोगट झाड उपटून नष्ट करावे, एवढे कोणत्याही नोट्समध्ये मिळते. पण रोगट झाडावरचा मावा काही मिनिटांतच विषाणू पुढच्या झाडावर नेऊ शकतो, म्हणून केवळ फवारणीवर विसंबून भागत नाही, हे ज्याने स्वतः बागांमधून फिरून तपासले आहे, तो शिक्षक मुलांना बांधावर नेऊन विचारतो की रोग आधी कोणत्या कडेला दिसला, शेजारी काकडी किंवा भोपळा होता का, तण किती माजले होते. अशा तासाला उत्तर आधीपासून फळ्यावर लिहिलेले नसते, आणि मुलगी पुरावा कसा गोळा करायचा हे शिकते. हा शिक्षक शोधनिबंध छापतो की नाही, हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो. आपल्या मुलीच्या मॅडम कदाचित पीएच.डी.विना हेच करत असतील.

राहिला बुडणाऱ्या तासांचा प्रश्न. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करणे अपेक्षित आहे. संशोधन ही त्यातून सुटण्याची सबब होऊ शकत नाही, आणि हे प्राचार्यांना लेखी कळवण्यात पालकाने संकोच करू नये. एकट्याने नको वाटल्यास चार पालकांनी मिळून निवेदन द्यावे.

त्याचबरोबर मुलीला ‘आविष्कार’ या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेविषयी विचारायला सांगावे. महाविद्यालय, मग विद्यापीठ, मग राज्य अशा पायऱ्यांनी ती होते आणि पदवीचे विद्यार्थीही तिच्यात भाग घेतात. मार्गदर्शनासाठी तिने त्याच सरांकडे जावे. त्यांचे संशोधन वर्गापर्यंत पोहोचवायला कोणी त्यांना आजवर सांगितलेच नसेल, अशीही शक्यता आहे. आणि ते टाळू लागले, तर निवेदनात लिहायला आणखी एक मुद्दा मिळेल.