नवीन घराचा सेप्टिक टँक: आधी एवढंच बघा

दादा, इंदूरला बायपासपलीकडे रो हाऊस घेतलंत, छान केलंत! तिकडे ड्रेनेज लाइन नसेल तर टँक तुमच्याच गळ्यात. घाबरू नका, काम थोडंच असतं.

आधी टँक नेमका कुठे आहे ते बिल्डरकडून नकाशावर काढून घ्या. बरेच जण झाकणावरच फरशी बसवतात. मग उपसायची गाडी दारात उभी आणि हे पहार घेऊन अंगण फोडतायत.

दर दोन-तीन वर्षांनी उपसा कराच, तुंबायची वाट बघू नका. साठलेला गाळ पुढे सोकपिटात, म्हणजे टँकचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जातो आणि तो खड्डा चोंदला की खर्च कितीतरी वाढतो. गाडीसाठी १४४२० ही हेल्पलाइन आहे. कुणी कितीही स्वस्तात करतो म्हणाला तरी माणूस आत उतरवू देऊ नका. आतल्या वायूने बघता बघता जीव जातो, शिवाय २०१३च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

बाकी:
- अ‍ॅसिड, फिनाइल भसाभस ओतू नका. मैला कुजवणारे जंतूच मरतात.
- पॅड, डायपर कचरागाडीत. ती रोज दारात येते, सबब चालणार नाही.
- गच्चीचं पाणी टँकमध्ये सोडू नका.

वेंट पाइपला (टँकमधला वायू बाहेर सोडणारा उभा पाइप) जाळी लावा, डास थांबतील. टँकमध्ये टाकायच्या पावडरी-बिवडरींच्या नादी सध्या लागू नका.