आत्याही मोजायची असते

तुम्ही लिहिलंय : आत्या अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, आतेबहिणीला ३९व्या वर्षी स्तनाचा झाला, पण आईकडे कुणी नाही म्हणून डॉक्टर 'काळजी नको' म्हणाले, तर आता साखर आणि दूध सोडू का? काही वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरत होते, म्हणून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे, हे धरूनच वाचा.

माझं नुकसान एका फॉर्मने केलं. एका मोठ्या रुग्णालयात तपासणीला गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "आई, मावशी, आईची आई, कुणाला कॅन्सर?" मी नाही म्हटलं. त्यांनी निळ्या पेनाने तिन्ही चौकटींवरून एकच आडवी रेघ ओढली. आत्यासाठी चौकटच नव्हती. आमच्या घरात आत्याच्या दुखण्याला 'पोटाचा आजार' म्हणायचे, त्यामुळे मलाही सुचलं नाही. कागदावर शेरा आला, 'धोका कमी'. त्या भरवशावर मी चार वर्षं मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) केली नाही. गव्हांकुराचा रस प्यायले, साखर सोडली, सोयाबीन सोडलं. ४१व्या वर्षी गाठ हाताला लागली तोवर आजार काखेपर्यंत गेला होता. जनुक तपासणीत बीआरसीए१ या जनुकात दोष निघाला, तोही बाबांकडून आलेला; याच दोषाने स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कर्करोगांचा धोका वाढतो. तक्रार केली तर उत्तर मिळालं, माहिती रुग्णाने स्वतःहून द्यायची असते. अहो, विचारलंच नाही तर आत्याही मोजायची हे रुग्णाला कळणार कसं? अजून संताप होतो.

हा दोष आई किंवा वडील, कुणाकडूनही येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाकडे जायची शक्यता ५० टक्के. पुरुषांना त्यातून कर्करोग होण्याचं प्रमाण बायकांपेक्षा बरंच कमी, म्हणून वडिलांची बाजू निरोगी वाटत राहते. ज्या बाईत दोष आहे तिला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास. अर्थात स्तनाच्या एकूण कर्करोगांत असे आनुवंशिक ५ ते १० टक्केच, तेव्हा बाकीच्यांनी हे वाचून धसका घेऊ नये.

तपासणी आधी आतेबहिणीची करा, तुमची नाही. तिच्यात काय सापडतं ते कळल्याशिवाय तुमचा 'निगेटिव्ह' अर्धवट राहतो. त्याआधी जनुक-समुपदेशकाला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला भेटा. टाटा मेमोरियलमध्ये यासाठी वेगळा विभाग आहे.

खाण्याचं म्हणाल तर साखर-दूध सोडून जनुक बदलत नाही. वजनाकडे मात्र लक्ष हवं. पाळी गेल्यावर अंडाशयांचं काम थांबतं आणि इस्ट्रोजेन, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाला खतपाणी घालू शकणारं हार्मोन, मुख्यतः चरबीत तयार होतं. दारू थोडीही धोका वाढवते. जेवणातल्या सोयाबीनला हरकत नाही, मी उगाच सोडलं होतं. (माझं मत, आहारतज्ज्ञांना विचारा.) पुढे कुणी पाळीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या तर आत्याचं आधी सांगा.

आणि आत्याची फाइल शोधा. माझ्या आत्याची आतेभावाच्या लोखंडी कपाटात, साड्यांखाली सापडली. पिवळ्या पडलेल्या पॅथॉलॉजीच्या कागदावर 'ओव्हरी' स्वच्छ लिहिलेलं, शेजारी वय ४६. त्याची झेरॉक्स घेऊन जा. फॉर्मवर जागा नसेल तर समासात लिहा, आणि ते त्यांच्या नोंदीत चढेपर्यंत काउंटरवरून हलू नका.