वाचकांचे प्रश्न : पत्र्याचे जहाज आणि पोलादाची भिंत

प्रश्न : मी अंबाजोगाईचा, नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती त्या काळात शाळेच्या सहलीबरोबर ती पाहण्याचा योग आला. आमच्या लाँचने तिला वळसा घातला तेव्हा माझे बोलणेच थांबले. त्या दिवसापासून जुन्या युद्धनौका रेखाटण्याचा नाद लागला आहे. पण दहा-बारा वह्या भरल्या, तरी कागदावर उतरते ते जत्रेत मिळणारे पत्र्याचे जहाज. दोष हाताचा समजावा की नजरेचा? आणि अशा नौका आता कुठे पाहायला मिळतील?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : आपला हातही ठीक आहे आणि नजरही. आपण अख्खे जहाज एका पानावर बसवण्याचा हट्ट धरता, घोटाळा तिथे होतो. ‘विक्रांत’ सुमारे २१३ मीटर लांब होती. एवढे धूड वीतभर कागदावर आडवे मांडले की त्याचा आकार उरतो, पण आकारमान हरवते. आणि आपले बोलणे थांबले होते ते आकारमानापुढे. शिवाय लाँचमधून आपल्याला अख्खी नौका दिसलीच नव्हती. दिसली होती ती डोक्यावर आलेली पोलादाची भिंत, तिच्यावरचे गंजाचे ओघळ आणि वर कठड्याशी बोटभर दिसणारी माणसे. आपण मनात ती भिंत ठेवता आणि कागदावर मात्र छायाचित्रातली बाजू उतरवता.

मीही तिच्या डेकवर वही घेऊन बसलो होतो. भर उन्हात काढलेली पहिली तीन चित्रे साबणाच्या वड्यांसारखी झाली. टिकले ते चौथे : दोर बांधण्याचा लोखंडी खुंट, रंगाचे पापुद्रे सुटलेला, आणि त्याच्या बुडाशी सहलीतल्या एका मुलीने काढून ठेवलेली निळी चप्पल. त्या चपलेमुळे खुंटाची जाडी कळते आणि खुंटावरून, तो ज्याला आवरून धरीत असेल त्या जहाजाचा अंदाज पाहणारा स्वतःच करतो. ‘विक्रांत’ २०१४ साली मोडीत गेली. तिच्या धातूचा काही अंश वापरून बनवलेली बजाजची मोटारसायकल पुढे आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसू लागली, तेव्हा मी ते पान पुन्हा काढून पाहिले होते.

एक खुलासा मात्र आवश्यक आहे. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका होती. ज्यांना बॅटलशिप म्हणतात त्या नौका वेगळ्या : अंगावर जाड चिलखत आणि फिरत्या बुरुजांमध्ये बसवलेल्या अजस्र तोफा. ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ १९०६ मध्ये एकसारख्या दहा बारा-इंची तोफा घेऊन आली आणि तिच्या आधीच्या सगळ्या नौका एका दिवसात जुन्या वाटू लागल्या. त्या जुन्या पिढीतली एकच बॅटलशिप आज शिल्लक आहे, जपानमधील योकोसुका येथील ‘मिकासा’. १९०५ च्या रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत जपानी आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल तोगो तिच्यावर होते. ‘ड्रेडनॉट’नंतरच्या पिढीतल्या आठ बॅटलशिप शिल्लक आहेत, त्या सगळ्या अमेरिकेत. त्यांपैकी पर्ल हार्बरला उभ्या असलेल्या ‘मिसुरी’च्या डेकवर २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या. तिच्या सोळा-इंची तोफेची नळी सुमारे २० मीटर लांब आहे, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळपास दोन एसटी गाड्यांएवढी. आणि तिचा चिलखतभेदी गोळा सुमारे १,२२५ किलोचा. लातूरच्या आडतीत बारा क्विंटल सोयाबीनचा ढीग पाहिलेल्या माणसाला हे वजन वेगळे सांगायला नको. असा ढीग चाळीसेक किलोमीटरवर फेकायचा, हे त्या तोफेचे काम होते.

आता रेखाटनाविषयी. धक्क्यावर बसून चित्र काढताना क्षितिजाची रेषा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. डेक त्या रेषेच्या वर असतो, म्हणून दूर जाताना तो खाली उतरतो. पाण्याची रेघ खाली असते, म्हणून ती वर चढते. नवशिके लोक या दोन्ही रेषा पट्टीने समांतर ओढतात आणि जहाज तिथेच पत्र्याचे होते. त्यातही पट्टी नकोच, कारण डेकची कड नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, हलकेच उचललेली असते आणि ती कमान हाताने, एका दमात ओढावी लागते. तोफेचे तोंड नेहमी लंबवर्तुळ म्हणून पाहावे. करडा रंग काळ्या-पांढऱ्यातून केला तर तो सिमेंटसारखा मरतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून केला, तर वरच्या पृष्ठांवर आकाशाकडे आणि नांगराच्या भोकाखाली गंजाकडे झुकवता येतो.

सरावासाठी समुद्र गाठण्याची गरज नाही. दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ समोरून, कडेने आणि मागून अशी तीनदा काढा. लंबवर्तुळाची भीती जाईल. पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी पैठणचा नाथसागर आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. ते युद्धनौका नसले, तरी आपल्या प्रदेशातल्या चित्रकाराने जहाजाचे वजन किती थोड्या रेषांत पेलले आहे ते त्यात दिसते. मुंबईला गेलात तर बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, अवश्य पाहा. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे आणि काही अभ्यासक तिचा संबंध देवगिरीच्या महादेव यादवाने कोकणच्या सोमेश्वर शिलाहारावर केलेल्या चढाईशी जोडतात. समुद्रापासून दूर आहोत म्हणून मराठवाड्याने उगाच संकोच बाळगू नये.

प्रत्यक्ष नौका पाहायची असेल, तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी आहे. ती १९६९ ते २००१ अशी नौदलाच्या सेवेत होती आणि आज संग्रहालय आहे. बाहेरून ती ९१ मीटर लांब दिसते आणि आत शिरल्यावर खांदे आवळून चालावे लागते. हा विरोध कागदावर आणता आला तर पाहा. कारवारला ‘चपळ’ ही क्षेपणास्त्रनौका आहे. नौदलाच्या गोदीत किंवा चालू सेवेतील नौकेवर मात्र परवानगीवाचून पेन्सिलही काढू नये.

प्रश्न : छायाचित्रावरून युद्धनौकेचे चित्र काढणे ही लबाडी ठरते काय?
(एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : ठरत नाही. चित्रकार वास्तवात बदल करीतच आला आहे. ट्रफल्गारच्या लढाईत झुंजलेली ब्रिटनची ‘टेमेरेअर’ ही शिडाची युद्धनौका १८३८ मध्ये मोडण्यासाठी ओढत नेली, तेव्हा तिच्या डोलकाठ्या आधीच उतरवलेल्या होत्या; इंग्रज चित्रकार टर्नरने आपल्या चित्रात त्या उभ्या ठेवल्या. आपण मात्र काय बदलले ते चित्राच्या मागे लिहून ठेवा, आणि छायाचित्र एकच न वापरता तीन वापरा, कारण कॅमेऱ्याचे भिंग जवळची नाळ फुगवते. मागच्या तोफा त्यात इतक्या लहान दिसतात की त्या मोजूनच काढाव्या लागतात.