मोबाईल बंद करू का, मॅडम?

दापोली-हर्णै पट्ट्यातल्या आया मुलांच्या वाचनाची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, दिवसभर मोबाईल, आणि पुस्तक धरलं की पोटात दुखतं." लगेच दुसरं, "बंदच करू ना?"

असाच तिसरीतला एक मुलगा आला. आई हर्णै बंदरावर मासळी विकते. तो 'घर'ला 'धर' वाचायचा, 'भात'ला 'मात'. चुकला की वर्गात हशा, घरी धपाटा. लोक आळशी म्हणत. मला तो घाबरलेला दिसला.

त्याच मोबाईलवर मी एक साधा अक्षरखेळ घ्यायला लावला. आवाज ऐकायचा आणि समोरच्या अक्षरांतून नेमकं अक्षर पकडायचं. फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठात तयार झालेला ग्राफोगेम असाच चालतो. झांबियातल्या शाळांतही तो वापरला गेला.

सुरुवातीला काही हलेना. आई मोबाईल हातात देऊन कामाला लागायची. शेवटी मी तिलाच म्हटलं, "आज तुम्ही खेळा. तो बघेल."

"मी? सातवी सोडल्यापासून डोक्यावर पाटीच की, मॅडम."

आवाज आला, 'ध'. तिनं 'घ'वर बोट ठेवलं. पोरगा उसळला, "आये, चुकलीस! 'ध'ला वर गाठ असते!" आणि तिच्या तळहातावर बोटानं काढून दाखवला. आधी गाठ, मग पोट, मग दांडा. ती म्हणाली, "परत काढ." त्यानं परत काढला, हसत.

आज दुसरं कोणी चुकलं होतं आणि समजावणारा तो होता. चुकलं तरी काही बिघडत नाही, हे माझ्या शंभर समजावण्यांनी त्याला पटलं नसतं. अक्षर माणसाच्या सोबतीनं रुजतं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. ग्राफोगेमवरच्या अभ्यासांचा २०२० साली आलेला एकत्रित आढावाही तेच सांगतो : एकूण पाहता नुसत्या खेळानं शब्दवाचनात फरक पडत नाही, मोठं माणूस सोबत गुंतलं तिथे पडतो.

म्हणून खेळ निवडताना उच्चार स्पष्ट हवा, अक्षर मोठं हवं, मध्ये जाहिराती नकोत. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत, पण शेजारी बसा, स्वतः खेळा. मग मोबाईल ठेवून तीच अक्षरं एसटीच्या पाटीवर, होड्यांच्या नावांत शोधा. जेवताना मात्र मोबाईल बंदच, तुमचाही.

तो मुलगा आता बंदरावर होड्यांची नावं वाचतो. जोडाक्षरांवर अडतो, 'लक्ष्मीप्रसाद'शी मायलेकांची झटापट अजून चालू आहे.