ओल्याची बादली, तृतीयेची ओहोटी आणि गळका नळ

प्रश्न : घर वन बीएचके, गॅलरी जेमतेम. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. दोघांना हाताशी घेऊन दोनदा कंपोस्ट करून पाहिलं. दोन्ही वेळा वास सुटला, अळ्या झाल्या आणि सासूबाईंनी बादली खाली नेऊन रिकामी केली. चुकतं कुठे?
— एक आई, लालबाग

उत्तर : बहुतेक सुक्यात. नुसतं ओलं टाकत गेलं की त्याचा लगदा होतो, आत हवा खेळत नाही आणि मग कुजण्याऐवजी सडतं. मापाने एक वाटी ओलं असेल तर त्यावर दोन वाट्या सुकं, हे रोज पाळायचं. वाळका पाला, फाडलेलं वर्तमानपत्र, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, नारळाच्या शेंड्या, सगळं चालतं.

रंगाच्या 20 लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या झाकणासकट घ्या आणि स्वच्छ धुवा. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने तळाला आठ-दहा, बाजूंना पंधरा-वीस भोकं पाडा. हे काम मोठ्यांचं. खाली विटांचे तुकडे आणि जुनी परात ठेवा. तळाशी चार बोटं शेंड्या पसरा, विरजण म्हणून मूठभर तयार खत किंवा अर्धी वाटी आंबट ताक घाला. ओलं बारीक चिरूनच टाकायचं, दर तीन दिवसांनी खालवर करायचं. चार माणसांचं सगळं ओलं या बादलीत मावणार नाही, तो हट्ट सोडा. भाजीची देठं, फळांची सालं आणि चहाचा चोथा एवढ्यावर सुरुवात करा. कोळंबीची सालं, बोंबलाची डोकी, हाडं, तेलकट उरलंसुरलं आणि लोणचं यात नको. मांजरं आणि वास दोन्ही त्यातूनच येतात.

वजन करून वहीत लिहिणं मुलीकडे द्या, मुलाकडे मुठीची परीक्षा. आतला मूठभर माल घट्ट दाबला की बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर सुकं घाला. मूठ उघडताच सगळं भुरभुरलं तर पाणी शिंपडा. (हात साबणाने धुवायचे, हे सात वर्षांच्या मुलाला रोज सांगावंच लागतं.)

वासातही फरक असतो. नाकात झोंबला तर ओलं जास्त झालंय, गटारासारखा आला तर हवा कमी पडतेय. दोन्हींवर उपाय एकच : ढवळा, सुकं घाला, दोन दिवस नवीन काही टाकू नका. करड्या, चपट्या अळ्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. फार झाल्या तर ओल वाढली असं समजा. सासूबाईंना त्या आधीच दाखवून ठेवलेल्या बऱ्या.

मुंबईत खरी पंचाईत जूननंतर होते, कारण पालाच दमट होतो. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल, सोसायटीतला बदाम किंवा पिंपळ पानं गाळतो तेव्हा, दोन गोण्या भरून कोरड्या जागी ठेवा. बादली तीन-चार आठवड्यांत भरते. मग दुसरी सुरू करा आणि पहिली चाळीस-पन्नास दिवस, आठवड्याला एकदा ढवळत, मुरू द्या. खत चाळायला मुलांनाच बसवा. केळ्याच्या सालाचा मागमूस नसतो, पण सफरचंदावरचा स्टिकर जसाच्या तसा चाळणीत उरतो. त्यावर आपण काही बोलायची गरज पडत नाही.

प्रश्न : मुलांना समुद्रातले जीव दाखवायचे आहेत. दोनदा गेलो, पाणी भिंतीपर्यंत होतं.
— एक वडील, अंधेरी

उत्तर : सुट्टीचा वार बघून निघालात, तिथी बघायची राहिली. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी, साडेआठच्या आसपास, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून हा हिशेब मुलांनी करायचा आणि मोठ्यांनी छापील वेळापत्रकाशी ताडायचा. पाणी सर्वांत जास्त मागे हटतं ते पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत. अष्टमीला भरती-ओहोटीत फरकच थोडा, तेव्हा जाऊन उपयोग नाही. द्वितीया किंवा तृतीया रविवारी आली की सोडू नका.

नुसत्या वाळूपेक्षा खडकाळ किनारा बरा, हाजी अली किंवा कार्टर रोड. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पाणी वळल्यावर अर्ध्या तासात बाहेर या. मागची पट्टी असलेले रबरी सँडल घाला, स्लिपर शेवाळावर घसरते. खडकातल्या डबक्यापाशी दोन मिनिटं न हलता बसलं की एखादा शंख चालायला लागतो. आत खेकडा असतो. म्हणूनच रिकामे शंखही घरी आणायचे नाहीत, ती त्याची पुढची घरं. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवा, खालच्या बाजूला अंडी असू शकतात. शंकूच्या आकाराचे शंख आणि खडकावरचे मऊ, रबरासारखे गालिचे यांना हात लावायचा नाही, दोन्ही विषारी असतात. पावसाळ्यात हा कार्यक्रम बंद.

प्रश्न : ‘पाणी वाचवा’ सांगून सांगून दमलो. घरात करता येण्यासारखं काही?
— एक आजोबा, मुलुंड

उत्तर : गळका नळ शोधा. त्याखाली मापाचा कप दहा मिनिटं ठेवा, जमलेल्या मिलिलिटरला 144 ने गुणा, दिवसाचा हिशेब निघेल. 30 मिलिलिटर जमले तर दिवसाला चार लिटरांवर पाणी गेलं. मग नातवासमोर कॉक बंद करून नळ खोला. जुन्या पद्धतीच्या नळात बहुधा आतला वायसर झिजलेला असतो. तो काढून दुकानात न्या आणि त्याच मापाचा आणा, अंदाजाने आणलेला बसत नाही. बदलल्यावर पुन्हा दहा मिनिटं कप ठेवायचा.

प्रश्न : पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुलांकडून सीडबॉल, म्हणजे आत बिया घालून वळलेले मातीचे गोळे, टाकून घ्यायचे आहेत. कोणत्या बिया घ्याव्यात?
— एक पालक, दहिसर

उत्तर : कोणत्याच नको. तिथलं जंगल आपली रोपं आपण उगवतं आणि बाहेरची बी त्याला त्रासच. त्यापेक्षा जूनमध्ये जांभळं खाऊन झाली की बिया धुवा आणि आठवड्याच्या आत लावा. वाळल्या की उगवत नाहीत. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीला तळाशी चार भोकं पाडा, माती आणि खत भरा, बी बोटाच्या एका पेराएवढं खोल टाका. एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात. जोमदार एक ठेवून बाकीचे कात्रीने कापा; उपटले तर राहणाऱ्याची मुळं दुखावतात. कोणता ठेवायचा, ते मुलांना ठरवू द्या. भांडण होईल, तेव्हा पिशव्या मुलांपेक्षा दोन जास्तच भरा.