गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत राहतो. त्याने बॅटरी उतरते का? वायर काढून ठेवू का?

चार-पाच मिनिटं फिरून आपोआप थांबत असेल तर बॅटरीला काही होत नाही. आणि वायर मात्र अजिबात काढू नका, कुणीही सांगितलं तरी.

हिशोबच करू. लहान पेट्रोल गाडीचा पंखा साधारण 10 ते 15 अँपिअर ओढतो. 15 धरले, पाच मिनिटं फिरला, तर सव्वा अँपिअर-तास खर्च. बॅटरी 35 अँपिअर-तासाची असेल तर जेमतेम साडेतीन टक्के. एवढ्यानं सकाळी सेल्फ रडत असेल तर बॅटरीच थकलीय, किंवा तिला पुरेसं चार्जिंग मिळत नाहीये.

पंखा मागाहून का फिरतो? इंजिन थांबलं की पाण्याचा पंपही थांबतो, पण ब्लॉकमधली उष्णता कूलंटमध्ये उतरतच राहते. त्यामुळे बंद केल्यावर तापमान थोडा वेळ उलट चढतं. (काही गाड्यांत चावी काढली की पंखाही थांबतो, तीही कंपनीचीच रचना.) शिवाय बॅटरी बहुतेक त्याच बॉनेटखाली असते आणि लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं झपाट्यानं घटतं. म्हणजे हा पंखा बॅटरीच्याही भल्याचाच. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका.

काळजी करावी अशी एक गोष्ट आहे: इंजिन थंडगार, चावी खिशात आणि पंखा सुरूच. बहुतेक वेळा रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच) चिकटलेला असतो. तसाच दुसरा रिले लावून बघा, स्वस्त काम आहे. दुर्लक्ष केलंत तर दोन-अडीच तासांत बॅटरी पार झोपते, आणि अशी पूर्ण उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज केली तरी पहिल्यासारखी राहत नाही.

पंख्याचा खरा भार जाणवतो तो ट्रॅफिकमध्ये. हायवेवर समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंखा क्वचितच लागतो. सिग्नलला उभे असताना मात्र एसीमुळे पंखा सुरू, ब्लोअर सुरू, रात्री हेडलाइटचे आणखी 9 अँपिअर, आणि आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं सुरू) अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, पूर्ण ताकद देत नाही. कमी पडेल ते बॅटरीतून जातं.

म्हणून गाडी आयडलवर ठेवून एसी आणि लाइट लावा, पंखा सुरू होऊ द्या आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. 13.5 व्होल्टच्या आसपास किंवा वर दिसलं तर निश्चिंत राहा. 12.6 च्या खाली घसरत असेल तर आधी अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट बघा, मग अल्टरनेटर. दोन्ही ठीक असतील तर पंख्याच्या मोटरचं बुश (ज्यात तिचा दांडा फिरतो ती कडी) झिजलेलं असू शकतं. मोटर जड फिरते आणि जास्त करंट खाते. ते मोजायला डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर लागतो. घरच्या वायरिंगवाल्याकडचा बहुतेक फक्त घरातल्या एसी करंटचा (अल्टरनेटिंग करंट) असतो, तो इथे चालत नाही.