मार्चमध्ये तीर्थनला जातोयस, तर एवढं ऐक

हिमाचलात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मासेमारीवरची बंदी फेब्रुवारीअखेर संपते, म्हणून तू तीर्थन नदीवर जायला 1 मार्चलाच निघणार, हे कळलं. जा, पण आधी मत्स्य विभागाचा परवाना काढ आणि पहाटे पाचचा गजर लावू नकोस. आपल्याकडे मासेमारी म्हणजे पहाट, पण तिथलं पाणी तेव्हा बर्फासारखं असतं आणि ट्राउट तळाशी सुस्त पडून राहते. आरामात नाश्ता कर. अकरा ते तीन, ऊन पाण्यावर आलं की खरी वेळ.

गळाला बांधायच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या नकली माश्या (कीटकांसारखी आमिषं) डबीतच ठेव. या दिवसांत ट्राउट खाते ती पाण्याखालची अळी. काठालगतचा एखादा दगड उलटून बघ, खाली चिकटलेले किडे दिसतील. त्याच मापाची, त्याच रंगाची, मणी लावलेली जड निम्फ, म्हणजे अशा अळीसारखं दिसणारं बुडणारं नकली आमिष, बांध. फेक प्रवाहाच्या वरच्या दिशेला आणि ती पाण्याच्याच वेगाने वाहत येऊ दे. दोरीला ताण आला की निम्फ ओढली जाते आणि मासा फसत नाही. अधूनमधून दगडाला अडकत नसेल, तर ती पुरेशी खोल गेलेली नाही. दोनचार निम्फ गमावशीलच, मी तर पहिल्या दिवशी अख्खी डबी रिकामी केली होती!

फेकताना मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांब. नवशिके इथेच घाई करतात. मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले कर, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. आणि गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नकोस, दगड फार निसरडे आहेत.